सोलणीतला वाघ

“सत्ये, आजपासून तीन दिवस वाघ नाय, भूत नाय, मगरीवर बसून लग्नाला गेलेला तुझा आजोबा नाय. तोंड शिवून ठेव.” चंद्रीनं मला कारखान्याच्या फाटकातच गाठलं.

“आणि शिंक आली तर?”

“गिळ.”

चंद्री म्हणजे चंद्रभागा तोडणकर. आम्ही दोघी एकाच वर्षी एकाच गावात सुना म्हणून आलो. गाव खाडीच्या पलीकडं, काजूचा कारखाना अलीकडं. रोज सकाळी एकाच होडीतनं यायचं, दिवसभर मांडीला मांडी लावून काजू सोलायचे, संध्याकाळी त्याच होडीतनं परत. मला उशीर झाला तर चंद्री एक पाय होडीत नि एक पाय धक्क्यावर ठेवून उभी राहायची आणि “मेले, मेले, अंगठा अडकला!” म्हणून बोंबलायची. मी येऊन बसले की अंगठा सुटायचा. होडीवाले इब्राहिमभाई म्हणायचे, “ह्या बाईला अंगठे किती आहेत?”

माझ्या पहिल्या बाळंतपणात सुईण पोचायच्या आधी चंद्री पोचली होती. तेव्हा ती “गिळ” म्हणाली तर मी गिळणारच.

आमच्या खात्याला सोलणी म्हणत. काजू फुटून, भट्टीच्या उबेच्या खोलीत सुकून यायचा. त्याच्या अंगावरची लाल साल बारक्या चाकूनं काढायची. गर अख्खा राहायला हवा. तुकडा पडला की मुकादम अनसूयाबाईंच्या नाकपुड्या अशा फुगायच्या की त्यात आणखी दोन काजू मावले असते. आम्ही बारा जणी, दोन ओळींत, पाटावर. दिवसाला प्रत्येकीनं सहा किलो सोलून वजन करून द्यायचे. दिले की सुटका. मग तुम्ही घरी जा, बाजारात जा, नाहीतर चंद्रावर जा.

आणि मला कुठं जायचं होतं ते सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. सव्वाचारच्या होडीला. माझा मुलगा सात महिन्यांचा होता, अंगावर पिणारा. दुपारी सासू पेज भरवायची, त्यावर तो पाचपर्यंत दम काढायचा. सव्वाचारची होडी गाठली तर मी पाचला घरात. ती चुकली तर इब्राहिमभाई कोळणींना घेऊन वरच्या धक्क्याला जायचे, ते सहाला उगवायचे. तोवर पोर रडून निळं व्हायचं. म्हणजे माझ्या लेखी दिवस सव्वाचारला संपायचा. पुढचा दिवस असला काय नि नसला काय.

घड्याळ आमच्याकडं नव्हतं. एकच होतं, शेटच्या खोलीत, आणि त्याचं तोंड शेटकडं. आमची वेळ चालायची गोष्टीवर. माझ्या. सकाळच्या दोन गोष्टी झाल्या की जेवण, जेवणानंतर दीड झाली की घर. कुणी विचारलं, “किती वाजले गो?” तर बायो मावशी, म्हणजे आमच्यातली सगळ्यात म्हातारी, सांगायची, “अजून राक्षसाचं लग्न लागायचं आहे. उरक.”

आता गोष्ट सांगणं सोपं आणि गोष्टीवर बाराजणींचे हात चालवणं कठीण. पहिल्यांदा मी वाघाची गोष्ट सांगितली तेव्हा काय झालं, वाघ झाडीतनं बाहेर आला आणि बाराच्या बारा चाकू हवेत. पाच मिनिटं एक काजू सोलला गेला नाही. अनसूयाबाई केवढ्या ओरडल्या, वाघच पळाला. तेव्हा मला अक्कल आली. वाघ आला की हात थांबतात. वाघ येणार, येणार म्हटलं की हात पळतात. म्हणून माझा वाघ दिवसभर यायचाच. झाडी हलायची, शेपूट दिसायची, डोळे चमकायचे, आणि वाघ प्रत्यक्षात यायचा तो साडेतीनला, शेवटचं सूप वजनाला गेल्यावर. आता थांबा खुशाल.

तर त्या गुरुवारी तोंड शिवायचं कारण असं, की शेटनं पुण्याहून एक पोतनीस साहेब आणवले होते. गळ्यात दोरीला घड्याळ, हातात पाटी, पायात कुरकुरणाऱ्या चपला. हसीनाचा नवरा कारखान्याचा टेम्पो चालवायचा, त्यानं बातमी आणली होती.

“तीन दिवस आपले हात मोजणार,” हसीना म्हणाली, “आणि जेवढे पळतील तेवढं रोज मागणार.”

बायो मावशीनं पान थुंकून निकाल दिला. “मग पळायचंच नाय. पण उघड दिसेल असं पण रखडायचं नाय. ह्या सत्यवतीचं तोंड तेवढं बंद ठेवा. बारा जणींचे हात आपोआप जड होतात.”

“आणि माझी होडी?” मी म्हटलं.

“तीन दिवसांचा तर प्रश्न,” चंद्री म्हणाली. “तुझ्या सासूला मी सांगते. शेळीचं दूध पाजेल दोन घोट.”

तिनं खरंच येऊन सांगितलं. सासू कुणाचं ऐकायची नाही, पण चंद्रीचं ऐकायची.

काय ते तीन दिवस! पहिल्या दिवशी मी पोटातल्या पोटात गोष्ट सांगत बसले आणि विनोदाच्या जागी मला फस्सकन हसू आलं. पोतनीस साहेबांनी माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या जिभेला फोड आला, सुपारीएवढा. खोटं वाटत असेल तर वाटू दे, मी चंद्रीला काढून दाखवला होता. तिसऱ्या दिवशी तर जेवताना मी डब्यातल्या सुकटीशी बोलायला लागले. पण फळ मिळालं. मुक्यानं सहा किलो व्हायला साडेचार वाजत होते. साहेबांच्या पाटीवर तेच चढत होतं. माझी होडी दोन्ही दिवस चुकली. पोर रडून रडून घसा बसवून घेत होतं, शेळीच्या दुधाची वाटी हातानं उडवत होतं. मी दात आवळून होते. तीनच दिवस.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी पाटी पिशवीत घातली, घड्याळ खिशात घातलं, छत्री उचलली. कुर्र कुर्र करत फाटकातनं बाहेर पडले, एसटी स्टँडच्या दिशेनं. बारा जणींनी बघितलं. चंद्रीनं तर हात हलवला. “सांभाळून जावा हो साहेब!”

आम्ही आत येऊन बसलो. चंद्रीनं माझा पाट ओढला. “तू अशी बस, माझ्याकडं तोंड करून. मला ह्या कानानं नीट ऐकू येत नाय.” मी बसले. पाठ जाळीकडं झाली. जाळीपलीकडं निवड करायची खोली, मध्ये गोणपाटाचा पडदा.

“आता सोड,” ती म्हणाली. “तीन दिवसांचं एकदम सोड.”

“कुठली सांगू?”

“फणसाची. ती सांग. तीच.”

ती माझी सगळ्यात हात पळवणारी गोष्ट. आजोबा डोक्यावर कापा फणस घेऊन दोन डोंगर पलीकडनं घरी निघतात. फणस असा पिकलेला, की वासानं मधमाश्या चक्कर येऊन पडतायत. त्या वासावर वाघ मागं लागतो. आता पळावं तर वाघ झडप घालणार. मग आजोबा काय करतात, चालता चालता फणसात हात घालतात आणि एक गरा मागं टाकतात. वाघ थांबतो, गरा खातो, आठळी थुंकतो, तोंडाला लागलेला चीक पंजानं पुसतो, पुन्हा निघतो. फणसात गरे एकशे दहा. घर चार कोस.

“किती राहिले गो?” हसीना.

“नव्वद. आणि समोर चढण.”

“चीक पुसायला वाघाला वेळ लागतो नाय?” बायो मावशी.

“लागायचा. पण तो शिकला. आता झाडाला तोंड घासतो आणि निघतो.”

“मेला! किती राहिले?”

“चाळीस. आणि आजोबांना स्वतःलाच भूक लागली.”

“खाऊ नको रे बाबा!” अनसूयाबाई वजनकाट्यावरनं ओरडल्या.

चाकू कसे चालत होते म्हणून सांगू! गरा टाकला की काजू, गरा टाकला की काजू. सालींचा पाऊस. लाल धूळ उडून आमच्या भुवया रंगल्या. वीस राहिले, बारा राहिले, पाच राहिले. कुणाची मान वर नाही. मी आयुष्यात तशी गोष्ट सांगितली नाही आधी, आणि नंतर तर नाहीच. आजोबा अंगणात पोचले तेव्हा पावणेचार पण वाजले नव्हते. सकाळी रखडलेलं सगळं भरून निघालं होतं, वर एक सूप जास्तच होतं.

सव्वाचारची होडी मी अंगठ्याशिवाय गाठली. पोर माझ्या अंगावर असं तुटून पडलं की मला हसू पण येईना आणि रडू पण येईना. होडीत मात्र चंद्री गप्प होती.

“काय गो,” मी तिला ढोसलं, “आठळी अडकली घशात?”

“गुडघे दुखतायत,” ती म्हणाली आणि पाण्याकडं बघत राहिली.

सोमवारी गेलो तर भिंतीवर पुठ्ठा टांगलेला. सहा खोडून आठ. आणि चंद्री तिच्या पाटावर नव्हती. ती वजनकाट्यापाशी उभी होती, अनसूयाबाईंच्या शेजारी. अनसूयाबाई महिनाअखेर घरी बसणार होत्या. शेट येऊन म्हणाले, नवीन मुकादम चंद्रभागाबाई.

आता माझा मूर्खपणा ऐका. मला आनंद झाला. आठचा पुठ्ठा दिसत होता, तरी मी मनात म्हटलं, चला, आपलं माणूस खुर्चीवर बसलं. ती बघेल काय ते. मी टाळी पण वाजवली. एकटीनंच.

जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या पडवीत डबा उघडून बसले होते. चपलांची कुरकुर ऐकू आली. वर बघते तर पोतनीस साहेब. माणूस लाजत होता.

“बाई, एक विचारू का? त्या फणसाचं पुढं काय झालं?”

घास तोंडातच राहिला. “कुठल्या फणसाचं?”

“आजोबांच्या. पाच गरे राहिले होते बघा, तेवढ्यात शेटनी मला हाक मारली. दोन दिवस डोक्यातनं जात नाही.”

“तुम्ही तर एसटीनं गेला होता.”

“गेलो कुठं? स्टँडपर्यंत जाऊन भट्टीच्या दारानं मागनं आलो. चंद्रभागाबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही समोर असलात तर ही बाई तोंड उघडणार नाही. पडद्यामागं बसा. ह्या बायकांचं घड्याळ हिच्या तोंडात आहे, म्हणाल्या.” साहेब हसले. “खरं सांगू? मी दोनदा घड्याळाचा काटा थांबवायला विसरलो. पण वजन होतंच की. पोचले का आजोबा?”

भला माणूस होता. त्याच्यावर मला राग धरता येईना, हीच पंचाईत.

“पोचले,” मी म्हटलं. “आजोबांना मागं बघायची अक्कल होती साहेब. मला नव्हती.”

चंद्री पाण्याच्या माठाशी होती. मला येताना बघितलं आणि तिनं पेला खाली ठेवला. म्हणजे कळलं तिला.

“पडद्यामागं बसवलंस?”

“हळू बोल.”

“पाट ओढून दिलास. पाठ फिरवलीस माझी. आणि फणसाचीच सांग म्हणालीस.”

“सत्ये, कुणीतरी होणारच होतं मुकादम. शेटनं मला बोलावून विचारलं, ह्या बायका खऱ्या किती काढतात. मी गप्प बसले असते तर दुसरीनं सांगितलं असतं. माझ्यानं आता पाटावर बसवत नाय. गुडघे बघ माझे.” तिनं लुगडं वर केलं. गुडघे सुजलेले होते, खोटं कशाला बोलू.

“मला सांगायचं होतंस.”

“आणि मग तू सांगितली असतीस गोष्ट? तशी?”

“माझं पोर, चंद्री! ते पोर तुझ्या हातात आलं पहिलं.”

“दोनच तर किलो वाढले. तू गोष्ट लावलीस तर पाचपर्यंत होतील.”

“पाचला होडी कुठं असते?”

तिनं पेला उचलून माठावर पालथा घातला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “मी तुझ्याकडनं हिसकून काय घेतलं? नुसतं सांग म्हटलं. तुला कुणीही सांग म्हटलं की तू सांगतेस.”

मी पाणी न पिताच मागं फिरले.

मी पाटावर येऊन बसले आणि उरलेल्या दहाजणींना सगळं सांगितलं. पडदा, भट्टीचं दार, सगळं. वाटलं होतं, चाकू खाली पडतील. बायो मावशी उठेल, चंद्रीच्या अंगावर जाईल. बायो मावशीनं चाकूवर फुंकर मारून साल उडवली.

“वाईट केलं तिनं,” ती म्हणाली. “बरं, आता सांग काहीतरी. आठ काढायचेत.”

“काय सांगू?”

“काहीही. मुक्यानं आठ व्हायला सात वाजतील.”

“माझी पण पोरं वाट बघतात गो,” हसीना म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी तोंड मिटून बसले. म्हटलं, बघूच. एक तास गेला, दीड तास गेला. चाकूंचा आवाज तेवढा. कुणी माझ्याकडं बघे, कुणी सुस्कारा टाके. एकीचा काजू तुटला तर तिनं माझ्याच नावानं कडाकडा बोटं मोडली. जसं मीच आठ लिहिले होते.

मग धक्क्यावरनं इब्राहिमभाईंची हाक आली. हो ऽऽ हो! सव्वाचार. माझ्यापुढं अजून दोन किलो. हाकेबरोबर मला पान्हा फुटला. पोर खाडीपलीकडं, आणि इथं माझी चोळी भिजायला लागली. मी पदर ओढून घेतला, पण बायकांपासनं असलं काही लपत नाही.

चंद्री खुर्चीवरनं उठली. लंगडत माझ्या पाटाशी आली. वाकता येत नव्हतं तिला, उभ्यानंच म्हणाली, “सांग, सत्ये. निदान तुझ्या पोरासाठी तरी सांग. सहाची तरी गाठ.”

तेवढं बाकी होतं. तिनं काय केलं, कसं केलं, ते मी कदाचित गिळलं असतं. पण आता तिच्या फायद्याचं काम ती माझ्या पोराच्या नावानं मागत होती, आणि मागणं बरोबर होतं. सहाची, म्हणजे शेवटची पण चुकली असती तर मी रात्री कारखान्याच्या पायरीवर बसले असते.

मी तोंड उघडलं. फणसच सांगितला, दुसरं काही सुचेना. आजोबा नुसते चालत होते, वाघ नुसता मागं होता, कुठं गंमत नाही, कुठं वास नाही. मी मान वर करून बघितलं. हात पळत होते. सगळ्यांचे. माझे पण.

साडेपाचला आठ किलो झाले. चंद्रीनं वजन केलं, पुठ्ठ्यावर खूण केली. बाकीच्या जणी म्हणाल्या, “बघ, होतं की नाय?” आणि डबे उचलून गेल्या.

सहाच्या होडीत चंद्री एका टोकाला बसली, मी दुसऱ्या. माझी चोळी चिंब झालेली, छाती दगडासारखी. धक्क्यावर सासू उभी होती, खांद्यावर पोर. मी उडीच मारली.

“हळू, हळू!” सासू म्हणाली. “झोपलाय. आज शेळीचं दूध कसं ओढून ओढून प्यायला बघ. वाटीभर. दोन दिवस थू थू करत होता. आज शहाणा झाला.”

मी त्याला घेतलं. ओठांवर दुधाची रेघ होती, तिला शेळीचा वास होता. तरी मी पदराखाली घेतलं. त्यानं डोळे न उघडता मान पलीकडं वळवली.

“नको उठवू,” सासू म्हणाली. “पोट भरलंय त्याचं.”

मी पोर तिच्याकडं परत दिलं. धक्क्याच्या खालच्या पायरीवर उतरले, खाडीकडं तोंड करून बसले आणि दूध पिळायला लागले. दुसरा उपाय नसतो त्याला. इब्राहिमभाईंनी पाठ फिरवली आणि होडीतलं पाणी उपसायला घेतलं. बाकीचे पुरुष अजून उतरत होते. तेवढ्यात माझ्या बाजूला सावली पडली. चंद्री आपला पदर दोन्ही हातांनी पसरून उभी होती, आडोसा करून. गुडघे थरथरत होते तिचे.

“सर बाजूला,” मी म्हटलं.

“लोक बघतायत गो.”

“बघू देत. सर.”

तिनं पदर गोळा केला आणि ती पायऱ्या चढून गेली. पुढं चौदा वर्षं आम्ही त्याच होडीतनं गेलो-आलो.

दुसरी कुठली गोष्ट असती तर मी सांगितलं असतं, की त्या संध्याकाळपासनं त्या खाडीतल्या मासळीला दुधाची चव आहे. कुणी विचारलं असतं तर शपथ पण घेतली असती. पण तसं काही झालं नाही. दूध पाण्यावर थोडा वेळ पांढरं दिसलं. मग ओहोटी लागली.